ॲप म्हणतं ९२ टक्के, बाई म्हणतात गंधार लागत नाही

डब्लिनला राहणाऱ्या एका आईनं विचारलंय. मुलगी अकरा वर्षांची, दोन वर्षं झाली सांगलीच्या एका बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकतेय, रोज संध्याकाळी रियाजाचं ॲप लावून अर्धा तास बसते, ॲप तिला सुराचे ९०-९२ टक्के देतं आणि शनिवारी क्लासला बाई म्हणतात अजून गंधार (सारेगमतला ग) लागत नाहीये, पोर रडवेली होते, तर खरं कोणाचं मानायचं? दुसरं, तबल्याची साथ ऑनलाइन मिळेल का. आणि तिसरं, नातेवाईक मागे लागलेत म्हणून तिचे व्हिडिओ टाकायला सुरुवात करावी का.

ताई, मी मिरजेची. सव्वीस वर्षं गाणं शिकवतेय, गेली सहा वर्षं निम्मी मुलं स्क्रीनवर आणि निम्मी समोर सतरंजीवर असं चाललंय, आणि मागच्या खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्डिंगची सोय केलीय तिथे बारा-तेरा वर्षं मुलांचं, भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतेय. म्हणजे तुमचे तिन्ही प्रश्न माझ्या घरात रोज येतात. उत्तर लांबेल, पण लेकीच्या दोन वर्षांचा प्रश्न आहे म्हणून नीट सांगते.

खरं दोघांचंही आहे, फक्त दोघं वेगळी गोष्ट मोजतायत. ॲप काय करतं बघा. माइकमधून आवाज घेतं, सेकंदाला कितीतरी वेळा त्याची कंपनं मोजतं आणि स्क्रीनवर रेघ काढतं. जो स्वर लागायला हवा त्याच्या खालीवर थोडी जागा सोडून एक पट्टा आखलेला असतो, तुमची रेघ जितका वेळ त्या पट्ट्यात राहिली तितके टक्के. आता पट्टा किती रुंद ठेवायचा हे ॲप बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, लहान मुलं नाराज होऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या पातळीला तो बऱ्यापैकी रुंद असतो, म्हणजे स्वर जरा चढा लागला, अगदी सतत चढा लागला, तरी पोर पट्ट्याच्या आतच आणि मार्क पूर्ण. बाई मात्र पट्टा बघत नाहीत, त्या तानपुऱ्यात तो स्वर विरघळतोय का ते ऐकतात.

गंधारच का, हेही सांगते, कारण बाईंनी नेमका गंधार म्हटलंय आणि तो योगायोग नाही. चांगला जुळलेला तानपुरा घेऊन शांत खोलीत बसा, पंचम (प), जोड (मधल्या दोन सा च्या तारा) आणि खर्ज (खालचा सा) सावकाश छेडत राहा, थोड्या वेळानं त्या गुंजनातून वर एक स्वर ऐकू यायला लागतो जो कुणी छेडलेलाच नाही. तो गंधार. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. षड्जाच्या (सा च्या) तारेच्या पाचपट कंपनं असलेला अंश तारेतच असतो, जवारी, म्हणजे तार घोडीवर जिथे टेकते तिथली घासणी आणि दोऱ्याची बैठक, चांगली लागलेली असली की तो उघडा पडतो. आता मोजमाप. कीबोर्डच्या एका काळ्यापांढऱ्या पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे १०० भाग केले, त्याला सेंट म्हणतात, तर कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसवलेला असतो आणि तानपुऱ्यातून निघणारा ३८६ वर. १४ सेंटचा फरक. धैवताचं (ध चं) तसंच, कीबोर्डवर ९००, नैसर्गिक ८८४. पंचमात फरक फक्त २ चा, म्हणून पंचमाला कुणी काही बोलत नाही आणि सगळी बोलणी गंधार-धैवताला बसतात. आणि भूप राग शिकत असेल, बहुतेक पोरं तिथूनच सुरू करतात, तर भुपात याच दोन स्वरांवर येऊन थांबायचं असतं. थांबल्यावर तानपुरा लगेच सांगतो.

बऱ्याच ॲप्समध्ये लक्ष्य म्हणून कीबोर्डचेच स्वर असतात. काहींमध्ये सेटिंगमध्ये जाऊन नैसर्गिक स्वरांतरं निवडता येतात, तेवढं आधी बघून घ्या. मिळालं तर तिथेच निम्मं भांडण मिटेल.

उरलेलं निम्मं डोळ्यांचं आहे. पोर रेघ बघून गाते. स्वर लागला, रेघ वर गेलेली दिसली, मग तिनं आवाज खाली ओढला, पट्ट्यात आली, शाबासकी. हे सगळं स्वर लागल्यानंतरचं काम झालं. गाण्यात स्वर लावायच्या आधी तो मनात ऐकू यावा लागतो आणि मग आवाज सरळ तिथे जाऊन बसावा लागतो, ती सवय रेघ बघून लागतच नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, ॲपवर वर्षभर केलेला, फोन पालथा ठेव म्हटलं आणि सा लाव म्हटलं तर दोन सेकंद नुसता माझ्याकडे बघत राहिला. गळा चांगला होता त्याचा. कानाला कुणी काम दिलं नव्हतं.

म्हणून असं करा. पंधरा दिवस ॲपची रेघ बंद, नुसता तानपुरा. काळी चार असेल तिची पट्टी (तिचा सा), जी असेल ती. सा, ग, प, एकेक स्वर एका श्वासात जेवढा धरता येईल तेवढा, फोनवर रेकॉर्ड करायचा आणि लगेच ऐकायचा नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचा. लगेच ऐकलं की गाताना जे वाटलं तेच परत वाटतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः म्हणेल आई इथे चढलाय. ते तिच्या तोंडून आलं की मग ॲपची रेघ उघडा आणि ताडून बघा. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी कान बोलणार, मग यंत्र.

यंत्रावर माझा राग आहे असं समजू नका हं. यंत्राच्या सुराचं हे भांडण आमच्याकडे फार जुनं आहे. हार्मोनियमचे स्वर कीबोर्डसारखेच समान अंतरांवर बसवलेले, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत पूर्ण होती, आणि त्याच्याही आधी आमच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांचं, गणित मांडून, क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांच्या साथीनं, श्रुतींची हार्मोनियम बनवून घेण्याचा खटाटोप केला होता. बंदी असतानाही मैफलीत पेटी वाजतच होती, मीही रोज वाजवते. चांगला पेटीवाला गंधारावर गायक थांबला की हात हलका करतो, कधी तो स्वर सोडूनच देतो. यंत्र कुठे गप्प बसवायचं ते वाजवणाऱ्याला कळायला लागतं, एवढंच.

तानपुऱ्याच्या बाबतीत मात्र मला खरंच काळजी वाटते. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, मग पेट्या आल्या, मग ॲप. फार मोठी सोय झाली, माझ्या एसटीतल्या चकरा आठवतात मला, मांडीवर तानपुरा, कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागणार. आणि आज ज्या मुलीच्या घरी चार फुटी वाद्य ठेवायला भिंत नाही तिला खिशात सूर मिळतो, हे मी कधीच कमी लेखणार नाही. पण ॲपमध्ये पट्टी निवडली की चारही तारा जुळूनच येतात. आमची वीस मिनिटं जुळवण्यात जायची. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा केसाएवढा पुढे घ्यायचा, दोन जोडाच्या तारा एक होताना आधी आवाज वॅव वॅव असा हलतो तो हळूहळू संथ होत शेवटी थांबतो, तो थांबलेला कळला की जुळलं. आम्हाला वाटायचं ही गाण्याच्या आधीची कटकट आहे. आता शिकवायला लागल्यावर कळतं की कानाची सगळी तालीम त्या वीस मिनिटांत होत होती आणि ती कुणी शिकवत नव्हतं, वाद्य शिकवत होतं.

यावर मी एक उपाय काढलाय तो तुम्ही घरी करू शकता, गाणं येत नसलं तरी. तानपुऱ्याच्या चांगल्या ॲपमध्ये प्रत्येक तार वेगळी खालीवर करता येते. लेकीनं पाठ फिरवायची, तुम्ही एक तार पंधरा-वीस सेंट उतरवायची, तिनं ओळखायचं कुठली आणि कानानं परत जुळवायची, आकडा न बघता. आठवड्यातून तीनदा पाच मिनिटं. मग दहा सेंट, मग सहा. पोरांना हा खेळ फार आवडतो आणि महिन्या-दीड महिन्यात गंधारात फरक दिसतो, मी कितीतरी मुलांमध्ये बघितलाय.

आता यंत्र ज्यात खरंच आपल्यापेक्षा पुढे आहे ते सांगते. पुन्हा पुन्हा. न कंटाळता, न चिडता, तीच जागा शंभर वेळा. माझे गुरुजी टेपरेकॉर्डर लावू द्यायचे नाहीत. बंदिश दोनदा-तीनदा सांगायचे आणि जा. मी ब्राह्मणपुरीतून स्टेशनपर्यंत ती पुटपुटत चालायची, कुणी ओळखीचं भेटून बोललं की पोटात गोळा, अंतरा विसरला तर आठ दिवसांनी परत विचारायची हिंमत नाही. त्यानं स्मरणशक्ती झाली हे खरंय, आणि कितीतरी जागा कायमच्या गेल्या हेही तितकंच खरंय. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब, इतकी वर्षं कोल्हापूर दरबारी गायले, १९४६ मध्ये गेले, त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. गुरूंचा स्वर कसा होता हे मात्र आपल्याला केसरबाई, मोगूबाई या शिष्यांच्या गळ्यावरून ताडावं लागतं. हे मला आजही बोचतं. म्हणून रेकॉर्डिंगला नावं ठेवणारं माणूस मी नाही.

तुमच्या लेकीला बाईंनी सांगितलेली प्रत्येक जागा रेकॉर्डवर मिळते, ती निम्म्या गतीनं ऐकता येते आणि सूर तोच राहतो, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं, टेप हळू केली की आवाज जाड व्हायचा. सॉनिक व्हिज्युअलायझर म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कशी वळते ते डोळ्यांनी दिसतं. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत ऑट्रिम नावाच्या प्रकल्पात मोठ्या गायकांच्या आलापांचे असेच आलेख केलेत, गाणं चालू आणि रेघ सोबत सरकतेय, मी मोठ्या मुलांना दरबारी रागाचा कोमल गंधार त्यावर दाखवते. शब्दांत सांगून जे आंदोलन दोन वर्षं कळत नाही ते बघितल्यावर म्हणतात अच्छा, हा स्वर उभा नाहीच, हा हलतोय. आणि २०१९ पासून गाण्यातला गळा आणि वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालायला लागलीत, जुन्या तबकडीत पेटीच्या खाली दबलेली एखादी हरकत, म्हणजे छोटी नक्षीदार सुरावट, उकलून ऐकायला त्यांचा फार उपयोग होतो. डोळ्यांनी रेघ बघायची ती अशी, दुसऱ्याच्या गाण्यावर, समजून घ्यायला. स्वतः गाताना नाही.

क्लासचं सेटिंग बघितलंय का कधी? मीटिंगची ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. सतत येणारा एकसारखा आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी, असं समजून ती तो कापून टाकतात. तानपुरा म्हणजे त्यांच्या लेखी पंखाच! सुरुवातीला मला कळेना की मुलीकडे तानपुरा चालू आहे म्हणते आणि मला ऐकू का येत नाही, मी तिलाच रागावले, अजून वाईट वाटतं. एवढंच नाही, लांब धरलेला षड्जसुद्धा सात-आठ सेकंदांनी मध्येच विरतो. तेव्हा झूम असेल तर ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा, दुसरं काही असेल तर त्यातलं नॉइज सप्रेशन आणि इको कॅन्सलेशन बंद करा, आणि इको बंद केला की हेडफोन लावायलाच लागतो. हेडफोन वायरचा. ब्लूटूथचा आवाज १५०-२०० मिलिसेकंद सहज मागे राहतो. तानपुरा फक्त तुमच्याकडे चालू ठेवा, माइकपासून हातभर लांब, बाईंना लेकीचा गळा आणि तानपुरा एकाच वाटेनं एकत्र पोचला पाहिजे, दोन घरी दोन तानपुरे एकाच वेळी लावले की कुणालाच नीट ऐकू येत नाही. एखाद वेळी असंही निघेल की बाईंना लेकीचा गंधार अर्धामुर्धाच ऐकू येत होता. म्हणून हे आधी करा, आणि महिन्यातून एकदा फोनच्या रेकॉर्डरवर नीट रेकॉर्ड करून बाईंना फाइल पाठवा. व्हॉइस नोट नको, तो फार दाबलेला असतो, फाइल.

आता तबला. ताई, स्पष्ट सांगते, ऑनलाइन साथ होत नाही. पैसे घालवू नका. यात तबलजीचा दोष नाही आणि इंटरनेट कंपनीचाही नाही, अंतराचा आहे. खोलीत आवाजाला एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, दोन माणसांना एकत्र वाजवताना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर झेपतो, म्हणजे दहा मीटर लांब बसल्यासारखं. त्यापलीकडे दोघं एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय खाली बसते. डब्लिन ते सांगली सरळ रेघेत साडेसात-आठ हजार किलोमीटर, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जायलाच ४० मिलिसेकंद, केबल काही सरळ रेघेत नाही, वर आवाजाची बांधाबांध-सोडासोड, जाऊन येऊन ३०० मिलिसेकंद सहज होतात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोर आली, तिचा आवाज तिकडे जाऊन तिकडची थाप परत येईपर्यंत सगळी पुढची मात्रा होऊन गेली. एकाच गावात चांगल्या लाइनवर जॅकट्रिप, जमुलस असली खास सॉफ्टवेअर वापरून जमवणारे लोक आहेत, पण दोन खंडांमध्ये नाही. प्रकाशालाच एवढा वेळ लागतो तिथे पुढच्या वर्षीचं ॲपही काही करू शकणार नाही.

मग काय करायचं, तर उलटसुलट पाठवायचं. तबलजींकडून ठरलेल्या लयीत ठेका (तालाचे मूळ बोल) रेकॉर्ड करून घ्या, सुरुवातीला मुखड्याचे तुकडे नकोत, सरळ ठेका, दोन-तीन लयींत. लेक त्यावर गाते, ती फाइल त्यांना जाते, ते ऐकून सांगतात कुठे सम घसरली. यासाठी पैसे द्या, चांगले द्या, कारण गावाकडच्या वादकांना हे नवीन काम मिळतंय आणि त्यांची जुनी कामं गेलीत. आमच्याकडे जत्रेच्या ऑर्केस्ट्रात, लग्नात पूर्वी ढोलकीवाला, संबळवाला, हलगीवाला असे तिघं-चौघं असायचे, आता एक मुलगा ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, सगळे आवाज काढतो. तो मुलगाही मेहनत घेतोच, हात चांगला असतो, त्याला दोष नाही. पण ढोलकीवरची बोटाची घिस प्रत्येक वेळी थोडी वेगळी पडते, पॅडमध्ये रेकॉर्ड केलेली तीच ती परत येते, आणि ज्यांनी ती घिस घासून घासून कमावली ते घरी बसलेत.

तबल्याचं ॲप रोजच्या रियाजाला लावा, जरूर लावा, लय पक्की होते. फक्त एक ध्यानात ठेवा, ॲप सांभाळून घेत नाही. माणूस तबल्यावर असला की तुमचा श्वास कमी पडताना त्याला दिसतो, तो अर्धा क्षण थांबतो, तुम्ही समेवर आलात की मान हलवून जोरकस थाप देतो, तुम्ही त्याच्याकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो. गाणं या बघण्यात शिकलं जातं. ज्या पोरांनी पाच-पाच वर्षं फक्त ॲपवर तबला ऐकलाय ती पहिल्यांदा माणसाबरोबर बसली की घाबरतात, म्हणतात हे हलतंय. हलणारच ना, ते जिवंत आहे. तेव्हा तिथल्या मराठी मंडळात, गुरुद्वाऱ्यात, कुठे ना कुठे तबला वाजवणारं कुणीतरी सापडेल, अगदी शिकाऊ असलं तरी चालेल, महिन्यातून एक रविवार समोरासमोर बसवा. माझं सांगणं खरं तर एवढंच आहे, घोकून घ्यायचं काम यंत्राला द्या आणि साथ-संगत माणसासाठी राखून ठेवा, कारण एक यंत्राला आपल्यापेक्षा छान जमतं आणि दुसरं त्याला करताच येत नाही.

व्हिडिओचं. यात माझ्या हातून एक चूक झालीय ती सांगते. एका स्पर्धेसाठी चौदा वर्षांच्या मुलीचं भावगीत माझ्याकडे रेकॉर्ड केलं, चार जागी सूर हलला होता, मी सॉफ्टवेअरमध्ये ते सरळ करून दिले. ही सूर सरळ करायची सॉफ्टवेअर १९९७ पासून आहेत, आता फोनमध्येही मिळतात, काम दहा मिनिटांचं. सगळ्यांनी वाहवा केली, आईनं सगळ्या ग्रुपवर टाकलं, मुलीनं ते इतक्यांदा ऐकलं की तिला वाटलं आपण असंच गातो. अंतिम फेरी स्टेजवर होती. तिथे त्याच चार जागा हलल्या आणि ह्या वेळी तिला त्या ऐकू आल्या, गाणं मध्येच थांबवून ती खाली आली. त्यानंतर दीड वर्ष ती गायली नाही. तेव्हापासून शिकणाऱ्या मुलांच्या रेकॉर्डिंगवर मी सूर सरळ करत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी नाही. आणि आपल्या गाण्यात तर ते सॉफ्टवेअर घातकच, त्याला मींड म्हणजे दोन स्वरांच्या मधलं चुकलेलं वाटतं, ते मध्येच पायऱ्या पाडून ठेवतं.

टाकायचेच असतील तर घरच्यांपुरते, लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असे टाका. वेळेचंही बघा. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजाननी पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा तीनेक मिनिटांत राग मांडावा लागला आणि त्या पिढीनं ते इतकं ताकदीनं केलं की मिरजेत आजही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकून माणसं गप्प होतात. पण त्यांनी आधी तासन्‌तास गाऊन मग तीन मिनिटं काढली. अकरा वर्षांची पोर अर्ध्या मिनिटाच्या रीलपासून सुरू करेल तर ती तानेपासूनच सुरू करेल, कारण लाइक तानेला मिळतात, नुसत्या लांब षड्जाला कोण देतं.

आणि हक्कांचं थोडं. माझ्या एका विद्यार्थिनीनं पारंपरिक बंदिश गायलेला व्हिडिओ टाकला, दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाचा तरी मालकीचा दावा, पोरगी घाबरली की पोलीस येतात का. तसं काही नसतं. आवाजाचा ठसा जुळवणारं यंत्र असतं, तोच ॲपमधला तानपुरा आणि तबला दुसऱ्या कुणाच्या अल्बमात असला की गल्लत होते. दाव्यावर हरकत नोंदवायची सोय असते, आम्ही नोंदवली आणि तीनेक आठवड्यांत तो निघाला. आपल्या भारतीय कायद्यात रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा हक्कही ६० वर्षं. जुन्या पारंपरिक बंदिशीवर कुणाची मालकी नाही, पण एखाद्या कलाकाराचं तिचं रेकॉर्डिंग मात्र तुमचं नाही, आणि करोके ट्रॅकवर गाणार असाल तर तो ट्रॅक कुणाचा ते आधी बघा. बाईंच्या स्वतःच्या रचना असतील तर विचारल्याशिवाय टाकू नका, विचारलं की त्यांनाही बरं वाटतं.

डिसेंबरात इकडे येणार लिहिलंय ना, मग बाईंकडे समोर बसून रोज एक तास असे पंधरा दिवस तरी काढा, वर्षभराच्या शनिवारांना ते पुरतं. आणि मिरजेला एक चक्कर मारा, सांगलीहून अर्धा तास. इथे शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सतार-तानपुरे करायला घेतले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळ्याचा मोठा तानपुरा विमानातून नेणं अवघड, पण बसक्या पेटीची छोटी तानपुरी मिळते, तिला भोपळा नसतो. लेकीला बरोबर आणा, चार तानपुऱ्या मांडीवर घेऊन बघू दे, ज्यातून गंधार तिला स्वतःहून ऐकू येईल ती घ्या, कारागिराला तिची पट्टी सांगा, तो जवारी तशी लावून देईल. नेताना तारा पूर्ण काढू नका, दोन-तीन स्वर उतरवा फक्त, घोडीखाली आणि तारांखाली मऊ सुती कापड घाला, जवारीचे चार दोरे एका कागदात गुंडाळून वेगळे ठेवा, आणि डब्लिनला पोचल्यावर दोन दिवस तिला खोलीतच राहू द्या, हीटरपासून लांब, मग जुळवा.